परबांनी वाफ काढली

आमच्या घरात लागोपाठ दुधी शिजायला लागला की बिल्डिंगमधल्या बायकांना कळायचं, वंदनाचं नवीन पुस्तक छपाईला निघालंय. पुस्तक माझं नसायचं. लिहिणारी दुसरीच कोणी असायची. फोटो तिचा, नाव तिचं, आईचे आणि सासूचे आभारही तिनेच मानलेले. माझं काम एवढंच, की त्यातला प्रत्येक पदार्थ लिहिलाय तसाच, अगदी तसाच करून बघायचा आणि तो होतो की नाही ते सांगायचं. गिरगावातल्या एका जुन्या प्रकाशकाकडे निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. कागदावर हुद्दा सहायक संपादकाचा होता. मी स्वतःला पाककृती तपासणारी म्हणायचे.

‘त्यात तपासायचं काय असतं?’ असं मला लग्नसमारंभात हमखास विचारतात. सांगते. ज्या बाईला उत्तम स्वयंपाक येतो तिला तो लिहिता येतोच असं नाही. लिहायला बसली की निम्मा स्वयंपाक तिच्या हातातच राहतो. दादरच्या एका सुगरण बाईंनी पुरणपोळीची कृती दिली होती. वाचायला इतकी सुंदर की मला भूक लागली. करायला घेतली तेव्हा लक्षात आलं, यात गूळच नाही. फोन केला तर म्हणाल्या, “अहो, गूळ घालणार नाही तर काय घालणार?” त्यांचं बरोबर होतं. पण पुस्तक विकत घेणारी माणसं ज्यांना माहीत नाही अशीच असतात. ज्यांना माहीत आहे ती कशाला पैसे टाकतील?

तपासलेला पदार्थ संध्याकाळी आमच्या घरी ताटात यायचा. माझे यजमान बँकेत होते. आले की हात धुता धुता विचारायचे, “आज जेवण आहे की प्रूफ?” प्रूफ असेल तर बिचारे आधी दही मागून घ्यायचे.

या धंद्यातली अवघड गोष्ट स्वयंपाक येणं ही नाही. येत असलेला विसरणं ही आहे. कृतीत चूक असली तरी तुमचा हात ती आपोआप सुधारतो. पीठ सैल वाटलं की चमचाभर जास्त पडतं, गॅस मोठा वाटला की बारीक होतो, आणि तुम्ही प्रामाणिकपणे लिहून मोकळ्या होता, ‘कृती योग्य आहे.’ जसजशी वर्षं गेली तसतसा माझा हात अधिक शहाणा होत गेला, आणि तपासनीस म्हणून मी जरा कमी उपयोगाची. ज्याला काहीच येत नाही असा माणूस आपल्याला हवा आहे, हे मला कळत होतं. पण असा माणूस पाककृतीच्या पुस्तकाच्या वाटेला जातो कशाला?

तो एका दुपारी आपणहून आला. 

उंच, सडपातळ, साठी ओलांडलेले गृहस्थ. शर्ट नीट खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे सरकवला.

“मॅडम, हे जरा खाऊन बघा.”

डब्यात लाल माठाची भाजी होती. होती म्हणजे, असावी. देठ कच्चे, पानं चामट, आणि खाली करपलेला लसूण. मी एक घास घेतला आणि विचारलं, “कोणी केली?”

“मी. तुमच्या पुस्तकातून. पान काढून दाखवू?” त्यांनी पिशवीतून आमचं पुस्तक काढून उघडलं. “हे बघा. ‘झाकण ठेवून चांगली वाफ काढावी.’ मी काढली.”

“मग?”

“सारखी काढत होतो. झाकण उचललं की भसकन बाहेर. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढली. सगळी वाफ संपली तरी भाजी काही शिजली नाही.”

मी खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायले. हसू आवरल्यावर माझ्या लक्षात आलं, की चूक या माणसाची नाही, आपल्या भाषेची आहे. वाफ काढायची म्हणजे आत कोंडून ठेवायची, हे आपल्याकडे प्रत्येक मुलीला आईच्या मागे उभं राहून कळतं. जो कधी आईच्या मागे उभा राहिला नाही, त्याने शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणे घेतला तर काय बिघडलं? 

त्यांचं नाव दत्ताराम परब. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलेलं. राहायला लालबागला, जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये. बायकोला, सुलभाताईंना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र अधू राहिला. त्यात साखर आणि रक्तदाब. परळच्या डॉक्टरांनी काय खायचं नाही ते सांगितलं होतं. काय करून खायचं ते सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो. मुलगी ठाण्याला, तिचा संसार तिला. तेव्हा परब स्वतः स्वयंपाकघरात शिरले.

“मिसेसना येत असेल ना सगळं? त्यांना विचारायचं.”

“येत असेल?” परब पहिल्यांदा हसले. “मॅडम, गिरण्या चालू होत्या तोवर आमच्या खोलीत खाणावळ होती. गिरण्या गेल्या तशी ती ऑफिसांचे डबे करायला लागली. आख्ख्या लालबागला ठाऊक आहे सुलभाचा डबा. पण आता मी विचारलं, मीठ किती घालू, की ती म्हणते, पुस्तकात बघा. फोडणीला आधी काय? पुस्तकात बघा. म्हणून दादरला जाऊन पुस्तकं आणली.”

पिशवीतून एकेक पुस्तक बाहेर आलं. सगळी आरोग्याची. एकात गुळगुळीत कागदावर ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑईल. त्यातलं क्विनोआ नावाचं परदेशी धान्य शोधायला परब भायखळ्याच्या मार्केटपर्यंत जाऊन आले होते. शेवटी एका दुकानदाराने त्यांना राजगिरा बांधून दिला, काका, हाच तो, म्हणून. मी म्हटलं, त्याने तुमच्यावर उपकार केले. दुसऱ्या पुस्तकात रस्साभाजीला तेल एक चमचा दिलेलं, आणि कृतीत लिहिलेलं, ‘मसाला तेल सुटेपर्यंत परतावा.’

“मी परतत राहिलो. तेल काही सुटेना. मसाला काळा झाला तरी सुटेना.”

“सुटणारच नाही. एक चमचा तेल आतच मुरणार. सुटायला ते असायला तर हवं.”

हा आरोग्याच्या पुस्तकांतला जुना रोग. मूळ कृती पळीभर तेलाची असते. नव्या पुस्तकात वरचा आकडा खोडून एक चमचा करतात आणि खालची कृती तशीच राहते. म्हणून कोणी मला रोजच्या सात्त्विक स्वयंपाकासाठी चांगलं पुस्तक कसं निवडायचं असं विचारलं, की मी सांगते, दुकानात उभ्या उभ्या एक साधी भाजी उघडा. कमी तेलात मसाला खाली लागायला लागला की काय करायचं, हे लिहिलंय का बघा. चमचाभर पाणी शिंपडा, असं लिहिलं असेल तर त्या लेखिकेने ती भाजी खरंच केली आहे. नसेल तर तिने फक्त आकडा बदललाय. 

“बाकीच्या प्रकाशकांकडेही गेलात का?” मी विचारलं.

“एक पुण्याला आहे, एक दिल्लीला. तुमच्याकडे बस सरळ येते.”

नेमकं त्याच सुमारास आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, रोजच्या जेवणाचं आरोग्यदायी पुस्तक काढा म्हणून माझ्या मागे लागले होते. लेखिका म्हणून कोणी नव्हतं. वाचकांनी पाठवलेल्या, ओळखीपाळखीतून आलेल्या पाककृती मीच जमवत होते. मी परबांना म्हटलं, “मी तुम्हाला पानं देते. घरी करून बघा आणि जिथे अडाल तिथे खूण करून आणा.”

“आणि भाजी बिघडली तर?”

“तर मला फार उपयोग होईल.”

आयुष्यात बिघडवायचं काम मिळालेला हा पहिलाच लिफ्टवाला असेल. दर बुधवारी परब यायला लागले. चहा घ्यायचे आणि खुर्ची पुढे ओढून अहवाल द्यायचे.

“कांदा गुलाबी होत नाही.”

“होतो हो परब.”

“मी समोर उभा होतो मॅडम. पांढरा होता, मग पिवळा झाला, मग तपकिरी. मधे गुलाबी आला असता तर मला दिसला असता.”

मी त्या दिवशी घरी जाऊन मुद्दाम बघितलं. कांदा खरोखरच गुलाबी होत नाही. इतकी वर्षं मी गुलाबी लिहून घेत होते, कारण माझ्या आधीच्या सगळ्यांनी गुलाबी लिहिलं होतं. आम्ही लिहिलं, ‘कांदा मऊ पडून कडेने पिवळट दिसेपर्यंत.’ पालेभाजी ‘अंगच्या पाण्यात’ शिजवायला सांगितली तर परबांनी शेजारी खूण केली होती, ‘कोणाच्या?’ ‘चवीनुसार मीठ’वर तर आमचा बराच वेळ गेला. शेवटी ठरलं, की प्रत्येक भाजीला आकडाच द्यायचा, नेहमीपेक्षा कमी, मीठ शेवटी घालायचं, आणि कमी वाटू नये म्हणून कोकम, लिंबू किंवा भाजलेल्या जिऱ्याची पूड. आंबट पुढे आलं की जीभ मिठाची चौकशी कमी करते. ही माझ्या धंद्यातली कमाई, फुकट देते आहे.

परब भराभर शिकले. डब्यातून येणारी भाजी ओळखू यायला लागली, मग खाण्यासारखी झाली, आणि एका बुधवारी मुळ्याची भाजी आली ती मी पोळी मागवून संपवली. भाऊंनीही येऊन दोन घास खाल्ले.

“सुलभाताई काय म्हणाल्या?” मी दरवेळी विचारायचे.

“काही नाही म्हणाली.”

“आवडलं?”

“अर्धं ठेवलं ताटात.”

आधी मी ते मनावर घेतलं नाही. आजारातून उठलेलं माणूस, भूक हळूहळू येते. पण भाज्या सुधारत गेल्या आणि ताटातलं उरणं वाढत गेलं. सुलभाताई वाळत चालल्या होत्या. साखरेची गोळी घ्यायची आणि वर पुरेसं खायचं नाही, असं चाललं होतं. एकदा बाथरूमच्या दारात त्यांना घेरी आली. भिंत होती म्हणून सावरल्या. डॉक्टर परबांवर चिडले. जेवत नसतील तर गोळी घातक आहे, असंच चाललं तर ॲडमिट करू, म्हणाले.

त्या बुधवारी परब डबा न घेताच आले. पिशवी मांडीवर घेऊन बसले. 

“मॅडम, लिफ्ट अडकली की कुठे अडकली ते मला आवाजावरून कळतं. हिचं काय अडकलंय ते कळत नाही. सगळं पुस्तकाप्रमाणे करतोय.”

मला मात्र कळलंय असं वाटत होतं. जिने आयुष्यभर लोकांना जेवू घातलं तिच्या हातातून स्वयंपाकघर गेलं. तिथे आता नवरा उभा आहे आणि तोही कुठल्यातरी छापील कागदावरून शिकतोय. मन मोडणार नाही तर काय होईल? उपायही मला चांगला सुचला. सुलभाताईंच्याच पाककृती पुस्तकात घ्यायच्या. त्या सांगतील, मी लिहून घेईन, कमी तेलात बसवीन. त्यांचा मान त्यांना परत मिळेल आणि त्या जेवायला लागतील. भाऊंना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. “वा. खाणावळीच्या बाईंचं स्वतंत्र प्रकरण. जाहिरातीला छान.”

मी शनिवारी दुपारी लालबागला गेले. टॉवर नवा असला तरी खालच्या मसाल्याच्या दुकानांचा खकाणा वरपर्यंत पोचत होता. परबांनी दार उघडलं. सुलभाताई खिडकीजवळ आरामखुर्चीत क्रिकेटची मॅच बघत होत्या. रंग सावळा, डोळे तेजदार, केस मानेपाशी कापलेले. मला बघून त्यांनी डाव्या हाताने टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही.

मी माझं भाषण केलं. चांगलं केलं असावं, कारण परब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मान हलवत होते. तुमच्या हातची चव, इतक्या लोकांचे आशीर्वाद, ही विद्या तुमच्याबरोबर राहून जाऊ नये, वगैरे सगळं मी बोलले. सुलभाताईंनी ऐकून घेतलं. ओव्हर संपली तशी माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही लांबून आलात म्हणून सांगते. राग मानू नका हां. मला त्या पुस्तकात नका घालू.”

“का हो?”

“सगळ्यांना वाटतं, हिचा हात गेला, स्वयंपाक सुटला, म्हणून ही झुरते. खालच्या बायका येतात त्या डोळ्यात पाणी आणून बोलतात. मी रडले, खोटं कशाला बोलू? पण केस विंचरता येईनात म्हणून रडले. माझे केस कमरेपर्यंत होते. स्वयंपाक सुटला त्याचं काय रडायचं? पहाटे उठून परातभर कणीक मळायची, ती सुटली. आता कोण मला परत तिथे उभी करायला बघतं, तर तुम्ही.”

माझ्या पिशवीत नवी कोरी वही होती, ती मी आत ढकलली. 

दारातून परबांनी विचारलं, “मग तू जेवत का नाहीस?” त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला वाटतं, हा प्रश्न असा सरळ त्यांनी तोपर्यंत विचारलाच नव्हता. ते तिला फक्त मीठ किती, तिखट किती, हेच विचारत आले होते.

“कशी जेवू?” सुलभाताई त्यांना म्हणाल्या. “तुम्ही माझ्यापुढे माझंच जेवण आणून ठेवता. वालाची उसळ, मुळ्याची भाजी, कुळथाची पिठी. तुम्ही मेहनत करता ते मला दिसतं. पण घास तोंडात गेला की माझी जीभ कामाला लागते. मीठ कमी. खोबरं भरड. फोडणी कच्ची. इतकी वर्षं दुसऱ्यांना वाढायच्या आधी चाखूनच बघत आले. आता पण तेच होतं. चाखून होतं आणि जेवायचं राहून जातं. वर बोलायची पण चोरी. बोलले तर तुम्ही उद्या परत तेच करणार, सुधारून.”

हे दुखणं मला माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत, मैत्रिणीकडे, बहिणीकडे, कुठेही बसले की मी पहिल्या घासाला तपासनीस होते. यजमान मला टेबलाखालून पायाने डिवचतात, चेहरा सरळ कर म्हणून. इतके दिवस मी सुलभाताईंचं मन कुठे मोडलं ते शोधत होते, आणि गोष्ट माझ्याच तोंडातली होती.

“मग तुम्हाला काय खावंसं वाटतं?” मी विचारलं.

टीव्हीवर कोणीतरी आऊट झालं, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

“असं कोणी विचारलं नव्हतं कधी. आठवावं लागेल.”

“हिला मासे आवडतात,” परब म्हणाले.

“मासे तुम्हाला आवडतात,” सुलभाताई म्हणाल्या. “मला साफ करायला लागतात.”

नंतर त्या सांगायला लागल्या ते इडलीबद्दल. फार वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला दोघं हिंदमाताला गेले होते. डब्यांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. खरेदीला उशीर झाला म्हणून परब त्यांना उडप्याकडे घेऊन गेले. समोर इडली आणि सांबार आलं. 

“मला इडली येत नाही. डब्याला कोणी मागितलीच नाही तर कशाला शिकू? ती चांगली होती की वाईट, मला काय माहीत? माझ्या जिभेला त्यात काही कामच नव्हतं. मी नुसती बसून खाल्ली. दोन प्लेट खाल्ल्या.” मग म्हणाल्या, “मला येत नाही असं काहीतरी द्या. मी जेवेन.”

परब मला खाली सोडायला आले. लिफ्टमध्ये अर्ध्या वाटेवर त्यांनी कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, “हिचं बेअरिंग जायला आलंय.” तळमजला आला तेव्हा म्हणाले, “मासे मलाच आवडतात. खरं आहे ते.”

पुढच्या काही आठवड्यांत मी जी शोधाशोध केली तशी नोकरीत कधी केली नव्हती. सुलभाताईंना येत नाही, डॉक्टरांना चालतं, परबांना झेपतं, आणि लालबागच्या बाजारात सामान मिळतं, अशा चारही गोष्टी जुळणारं जेवण हवं होतं. वडाळ्याला माझी एक तमिळ मैत्रीण आहे. तिच्याकडून इडलीची कृती आणली, पण साखरेच्या माणसासाठी तांदूळ कमी, उडीद जास्त आणि थोडी ज्वारी अशी. सांबार भाज्या भरपूर घालून, फोडणी नावापुरती. तिनेच पेसरट्टू सांगितला. आंध्रात करतात, भिजवलेल्या हिरव्या मुगाचा डोसा. मूग, आलं, मिरची वाटायची आणि तव्यावर पसरायची, आंबवायचीही भानगड नाही. ओळखीच्या एका सिंधी बाईंनी साई भाजी दिली. पालक, चुका, चणाडाळ, टोमॅटो आणि हाताशी असेल ती भाजी एकत्र शिजवून घोटायची. परळच्या कुठल्याही भाजीवालीकडे मिळेल असं सगळं सामान, आणि तरी परळच्या कुठल्याही घरात न होणारी भाजी.

परबांच्या पहिल्या इडल्या ते मला दाखवायला घेऊन आले. एक टेबलावर पडली तर भाऊंनी आतून विचारलं, काय पडलं. पीठ फुगलंच नव्हतं. 

“सुलभाताईंनी खाल्ल्या या?”

“ताटात वाढलेल्या चारही. म्हणाली, उडप्याची वेगळी होती, ही दुसऱ्या प्रकारची असेल.”

मी कृतीत वाढवलं, की पीठ दुप्पट फुगून वर बुडबुडे दिसेपर्यंत इडल्या लावू नयेत, मग कितीही वेळ लागो. पुढच्या इडल्या फुगल्या. साई भाजी त्यांना पहिल्याच वेळी जमली. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, सगळं शेवटी घोटायचंच असतं. सुलभाताई जेवायला लागल्या. एकदम काही चमत्कार झाला नाही. पण ताट रिकामं व्हायला लागलं, घेरी आली नाही, आणि डॉक्टरांनी पुढच्या भेटीत ॲडमिट करायचा विषय काढला नाही. परबांनी मला हे सांगितलं तेव्हा ते पिशवीचा बंद उगीचच पुन्हा पुन्हा बांधत होते.

भाऊंशी मात्र मला भांडावं लागलं. खाणावळीच्या बाईंचं प्रकरण गेलं याचं त्यांना वाईट वाटलं होतं. त्याच्या जागी हे परप्रांताचं प्रकरण बघून ते म्हणाले, “वंदनाताई, मराठी माणूस रोजच्या जेवणात पेसरट्टू खाणार?”

“भाऊ, मूग भिजवायचे, वाटायचे, तव्यावर घालायचे. यात रोजचं नाही असं काय आहे?”

“पण लोकांना आपल्या आईच्या हातची चव हवी असते.”

“लोकांना असेल. आईलाही काहीतरी हवं असेल ना?”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. प्रकरण राहिलं. शेवटी, बारीक टायपात, पण राहिलं.

पुस्तक निघालं. गाजलं वगैरे नाही. आरोग्याची पुस्तकं गाजायला लेखक तरी देखणा लागतो किंवा एखादं धान्य तरी परदेशी लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. पण ते हळूहळू खपत राहिलं. आणि मुख्य म्हणजे फोन आले नाहीत. कादंबरी आवडली तर लोक पत्र लिहितात. पाककृती नीट असली तर लोक जेवतात आणि भांडी घासायला लागतात. फोन येतो तो बिघडली तरच. त्या पुस्तकाचा फोन वाजला नाही, याच्याइतकं समाधान मला दुसऱ्या कशाने झालं नाही.

वाईट एवढंच वाटतं, की माझ्या जागी भाऊंनी कोणाला घेतलं नाही. मी निघाले त्यानंतरचं पाककृतीचं पुस्तक फोटो चांगले आले यावरच छापायला गेलं. आता लोक फोनवर व्हिडिओ बघून करतात. त्यात कांदा एका क्षणात परतून होतो आणि बाईंची साडीही चुरगळत नाही. परबही बघतात. मग मला फोन करून तक्रार करतात, की मॅडम, यांनी मधलं कापलंय. मी म्हणते, परब, मधलं कापलं म्हणूनच लोक शेवटपर्यंत बघतात.

माझ्या निवृत्तीनंतर परबांनी मला जेवायला बोलावलं. जाताना यजमानांना सोबत घेऊन गेले, टेबलाखालच्या पायासाठी. सुलभाताई भरल्या होत्या. गालावर तकाकी आली होती. मॅच नव्हती, तरी टीव्ही चालू होता. आम्ही तिघं बसलो आणि परब आतून गरम गरम पेसरट्टू एकेक करून आणायला लागले. बरोबर आल्याची चटणी होती.

मी पहिला घास घेतला. कडा जाड राहिल्या होत्या. तवा थोडा कमी तापला असावा. मिरचीही एखादी जास्त. यजमानांचा पाय हलायच्या आत मी म्हटलं, छान झालाय.

परबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते हातात कालथा घेऊन बायकोच्या खुर्चीपाशी उभे होते. 

“कसो झालो हा?” त्यांनी आपल्या घरच्या मालवणीत विचारलं.

सुलभाताईंनी डाव्या हाताने शेवटचा तुकडा चटणीत बुडवला, तोंडात टाकला आणि सावकाश खाऊन संपवला. मग रिकामं ताट त्यांच्यापुढे धरलं.

“माका काय ठावक?” त्या म्हणाल्या. “माका खंय येता करूक? आजून एक वाढा.”